पूर्ण संरक्षण

मामांच्या क्रीमच्या कारखान्यात भाची केमिस्ट होती. घरचीच म्हणून तिला वेगळी केबिन नव्हती, बोलणी मात्र सगळ्यात आधी तिलाच बसायची.

त्या उन्हाळ्यात मामांनी नवीन क्रीम काढलं. त्यात द्राक्षाच्या बियांचा आणि ग्रीन टीचा अर्क होता. डबीवर छापायचं ठरलं, 'फक्त वनस्पती. उन्हापासून पूर्ण संरक्षण.'

भाचीने आपल्याच हातावर चाचणी घेतली. अर्काने नंतरची जळजळ जरा कमी व्हायची, पण ऊन अडत नव्हतं.

"ऊन अडवायला झिंक ऑक्साइडची पांढरी पूड घालू या," ती म्हणाली. "अर्क मदतीला राहू दे. त्याच्या एकट्याच्याने हे होणार नाही."

"मग 'फक्त वनस्पती' कसं छापू?"

"नका छापू."

"हे असं बोलायला तुला शिकवलं कोणी?"

"शिक्षण तुम्हीच केलंत, मामा. म्हणून तुम्हालाच सांगतेय."

मामांनी कानाडोळा केला. नमुन्याच्या डब्या भरल्या गेल्या, त्यातली एक मामींनी घरी नेली. मामींच्या दोन्ही हातांवर कोड होतं. चारचौघांत ते दिसलेलं मामांना खपत नसे, म्हणून लग्नापासून त्या पूर्ण बाह्यांचे कपडे घालत आल्या होत्या. घरचंच क्रीम आहे म्हटल्यावर त्यांनी ते हातभर चोपडलं, बाह्या वर केल्या आणि सकाळभर गच्चीवर कुंड्यांची माती बदलत बसल्या. संध्याकाळपर्यंत पांढरे डाग लालभडक होऊन फोड आले.

भाची मलम घेऊन धावली. "मामा काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझी कातडीच नाजूक, क्रीमचा काय दोष." मामींनी हातावर फुंकर घातली. "उद्या विक्रेते येणार आहेत ना? मीही येते."

दुसऱ्या दिवशी मामा विक्रेत्यांना सांगत होते, "आमच्या घरीसुद्धा हेच वापरतात."

"वापरतात तर," दारातून मामी म्हणाल्या. अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून त्या आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. "हे बघा."

मामांचा चेहरा उतरला. "अगं, तू आत जा."

"इतकी वर्षं आतच होते. आता इथे बसते."

एक विक्रेता चाचरत म्हणाला, "बाई, तुमची त्वचा वेगळी आहे हो."

"माझी तर नाही ना?" भाचीने आपला हात पुढे केला. क्रीम लावलेल्या जागीही कातडी भाजून सोललेली होती. "हे घेऊन गेलात तर लोक निर्धास्तपणे उन्हात बसतील. त्यांना काय उत्तर द्याल?"

विक्रेते मागणी न देताच उठले. मामांनी कारखान्याच्या किल्ल्या टेबलावर आपटल्या. "चालवा मग तुम्हीच."

दोघी गयावया करतील असं त्यांना वाटलं होतं. मामींनी किल्ल्या कमरेला खोचल्या.

झिंक घातलेलं क्रीम तयार झालं. डबीवर अर्काचं नाव राहिलं, 'फक्त' आणि 'पूर्ण' हे शब्द गेले. तो चाचरणारा विक्रेता परत आला आणि कुरकुरला, "हे लावलं की तोंड पांढरं दिसतं."

"दिसू दे," मामी म्हणाल्या. त्याने थोडा माल नेला.

पुढे मामा किल्ल्या मागायला आले. मामींनी दिल्या नाहीत. काम करायचं असेल तर या, म्हणाल्या. मामा येऊ लागले. भाचीशी ते अजून कामापुरतंच बोलतात. पण माल तिने तपासल्याशिवाय बाहेर पाठवत नाहीत.