दर रविवारी वाढणारे पाय

जालन्यात अंबड रोडवरच्या एका मंगल कार्यालयात दर रविवारी माणसांचे पाय वाढत. कमीत कमी तीन, सणासुदीला पाच. सकाळी दहापासून रिक्षा भरभरून माणसं येत, मांडवाबाहेर चपलांचा ढीग लागे आणि ब्रदर शांतवन पांढऱ्या सुटात स्टेजवर येत. आखूड पायाचा माणूस खुर्चीवर बसे. ब्रदर त्याच्या दोन्ही टाचा हातात धरून सगळ्यांना दाखवत, की बघा, एक पाय दीड इंच मागे. मग डोळे मिटून म्हणत, "वाढ. येशूच्या नावानं वाढ. लाजू नकोस, वाढ." पाय लाजत नसे. मोठ्या पडद्यावर, सगळ्यांच्या देखत, तो हळूहळू दुसऱ्याच्या बरोबरीला येई आणि मांडव हालेलुयानं दणाणून जाई.

तिसऱ्या रांगेत कडूबा बसलेला असे. जुन्या जालन्यात त्याचं चपला-बुटांचं दुकान. चार वर्षांत त्यानं एकही रविवार चुकवला नव्हता. माणूस भोळा नव्हता. चार वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा तेराव्यानंतर नातलग फिरकले नाहीत. ब्रदरांच्या या सभेची माणसं मात्र महिनाभर रोज संध्याकाळी आली, भाजी-भाकरी घेऊन आली, त्याच्याजवळ बसून गाणी म्हणाली. त्या माणसांवर त्याचा जीव होता. पाय वाढण्याचा त्यानं फारसा विचार केला नव्हता. मायेच्या घरी गेल्यावर कोणी भिंतीचे पोपडे मोजत नाही.

विचार करायची वेळ नातीमुळे आली. पायल नऊ वर्षांची, त्याच्या मुलीची, बेबीनंदाची लेक. तिच्या खुब्याचा सांधा जन्मापासून निसटलेला आणि डावा पाय दीड इंच आखूड. त्या पायाला कडूबाच जाड तळाची चप्पल करून देई. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला पुढच्या बुधवारची तारीख दिली होती आणि बजावलं होतं, की आधीच उशीर झालाय, आता थांबलात तर सांधा बसायचा नाही. ब्रदरांनी हे ऐकलं आणि बेबीनंदाला हसत विचारलं, की ताई, देवावर भरोसा आणि डॉक्टरची तारीख, दोन्ही एका पर्समध्ये कसं ठेवता? रविवारी पोरीला स्टेजवर आणा. बेबीनंदानं तारीख रद्द करायचं ठरवलं. खरं सांगायचं तर कडूबालाही बरंच वाटलं. सुरीची धास्ती त्यालाही होती.

मंगळवारी सभेचा कार्यकर्ता भागवत त्याच्या दुकानात दोन जोड काळे बूट, एक मोठ्यांचा, एक पोरांचा, घेऊन आला. आतलं अस्तर फाटलंय, रविवारच्या आत लावून द्या म्हणाला. हे स्टेजवरचे बूट होते. लोक चपला बाहेर काढून यायचे, म्हणून खुर्चीवर बसणाऱ्याला सभेतर्फे बूट मिळत. "प्रभूच्या दरबारात अनवाणी कशाला?" असं ब्रदर म्हणत, आणि गरिबाला भरून येई.

कडूबानं बूट उलटा केला आणि हात थांबला. तळ कोरा करकरीत होता. हा बूट रस्त्यावर दहा पावलंसुद्धा चालला नव्हता. आत टाचेचं अस्तर मात्र वीस वर्षं वापरल्यासारखं घासून गेलं होतं. माणूस चालतो तेव्हा आधी तळ झिजतो, अस्तर नंतर. चालल्याशिवाय टाच झिजते ती एकाच रीतीनं: बसल्या जागी कोणी बूट मागेपुढे ओढला तर. चाळीस वर्षं बूट हाताळणाऱ्याला पाणी कुठं मुरतंय ते कळायला वेळ लागला नाही. कळलं तेव्हा मात्र त्याला बरं वाटलं नाही.

त्यानं शेजारच्या चामडं विकणाऱ्या साजिदला बोलावलं, ते बूट घालून स्टुलावर बसवलं आणि त्याच्या टाचा हातात धरल्या. अर्ध्या मिनिटात साजिदचा पाय दीड इंच वाढला. साजिद म्हणाला, मला तर काही वाटलं नाही, आता चहा सांग.

बेबीनंदाला हे सांगितलं तेव्हा ती रडली, मग चिडली. "आबा, तुमचा विश्वास कमी झाला," ती म्हणाली. "पोरीसाठी देव दारात आल्ता, अन् तुमी त्याचे बूट तपासून राह्यले."

हे बोलणं कडूबाला फार लागलं.

रविवारी बेबीनंदानं पायलला स्टेजवर नेलंच. भागवतनं तिची जाड तळाची चप्पल काढून बाजूला टाकली आणि दोन मापं मोठे बूट तिच्या पायात चढवले. ब्रदरांनी टाचा हातात घेतल्या. कडूबा तिसऱ्या रांगेतून उठून, गुडघे धरत, पायऱ्या चढून वर गेला.

"ब्रदर, बूट काढून वाढवा," तो म्हणाला.

ब्रदर मायेनं हसले. शंकेचा आत्मा आला की चंगाई अडते, माणूस बरा होत नाही, असं त्यांनी माईकवर समजावून सांगितलं. कडूबानं मान डोलावली आणि मोठा जोड घालून भागवतला खुर्चीवर बसायला सांगितलं. भागवत बसेना, पण सगळा मांडव बघत होता, तेव्हा बसला. कॅमेरावाला रोजच्या सवयीनं टाचांवर आला. कडूबानं उजवा बूट टाचेपासून दीड इंच पुढे ओढला, तेव्हा पडद्यावर भागवतचा डावा पाय आखूड दिसला. मग त्यानं तोच उजवा बूट हळूहळू मागे ढकलला आणि डावा पाय वाढला. त्यानं तो परत आखूड केला. परत वाढवला.

"मी तर हालेलुयाबी म्हनलो न्हाई," कडूबा म्हणाला.

पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. कीबोर्डवाल्यानं घाईनं सूर धरला. ब्रदरांनी सैतानाच्या युक्त्यांवर बोलायला सुरुवात केली आणि ते पाऊण तास बोलले. पुढच्या रविवारी मांडव अर्धा भरला होता. पाय वाढायचे बंद झाले होते, आता पाठी बऱ्या होत होत्या.

बेबीनंदा मात्र त्या पाऊण तासासाठी थांबली नाही. तिनं पायलच्या पायातले बूट काढले, तिची चप्पल शोधून तिला घातली आणि पोरीचा हात धरून मांडवाबाहेर पडली. बापाशी ती दोन दिवस बोलली नाही. तारीख मात्र रद्द केली नाही.

बुधवारी पायलला ऑपरेशनसाठी आत नेल्यावर दोघं बाहेरच्या बाकावर बसले. कडूबानं डोळे मिटले. चार वर्षांत तो देवाशी मोठ्यानं बोलायला शिकला होता. देवासमोर गप्प बसायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ते त्याला आता आपलं आपण शिकावं लागत होतं आणि ते अवघड होतं. सभेतली गाणी मनात येत होती. ज्यांनी भाकरी आणली त्या माणसांची आठवण येत होती. ती भाकरी खरी होती, आणि ती चमत्काराशिवाय आली होती.

"आबा," बेबीनंदानं विचारलं, "काय मागून राह्यले?"

"काही न्हाई. नुसता बसलो. मागायला लागलं की कोनीतरी द्यायला येतं, बूट घिऊन."

ती थोडी हसली, मग तिचे डोळे भरले. "पन मला भेव वाटतं. आपन देवाची परीक्षा घेतली. त्याला राग आला असंल तर?"

कडूबानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हात देवाला जोड, हाड डॉक्टरला दाखव. अन् कोनीबी काही दाखवलं तर जवळ जाऊन नीट बघ. डोळे त्यानंच दिलेत ना? वापरले म्हनून त्याला राग येनार न्हाई."