दोन भुंगेऱ्यांचा एक

“सुईकाका, इकडे या जरा. पंखाच्या मुळाशी ही रेघ कसली हो?”

नव्या यंत्राच्या पडद्यावर दगडातला भुंगेरा तळहाताएवढा दिसत होता. सुईकाकांनी उगीचच चष्मा पुसला.

“डिंक आहे, मॅडम. माझाच.”

संग्रहालयाच्या तळघरात एकतीस वर्षं ते सुईने दगडातले प्राचीन किडे मोकळे करत आले होते. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात या भुंगेऱ्याच्या पाठीवरचा कडक पंख सुईखाली भुगा झाला. त्याच दगडात शेजारी एक सुटा पंख होता, अगदी मापाचा. नोकरीच्या धाकाने त्यांनी तो चिकटवला. संध्याकाळी विभागप्रमुख सरांनी भिंग लावलं आणि ओरडलेच, “अंग जुन्या शाखेचं, पंख नव्या शाखेचा! अरे, मधला दुवा सापडला!”

त्या दुव्यावर सरांनी भुंगेऱ्यांचं एक नवं कुळच मांडलं. सुईकाकांचं एक वाक्य घशात राहिलं ते राहिलंच. चूक ओली असते तोवरच पुसावी; वाळली की माणूस तिच्यावर घर बांधतो.

मॅडम हळूच म्हणाल्या, “चिखलात दोन किडे एकमेकांवर दाबले गेले, असं लिहिते मी. चार महिन्यांत निवृत्त व्हाल. कशाला विस्तवात हात घालता?”

“आधी सरांच्या कानावर घालतो.”

सर घरी अंथरुणाला खिळले होते. “कोण, सुई? ये. आमचं कुळ काय म्हणतंय?”

सुईकाकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सरांनी उशीवरची मान त्यांच्याकडे वळवली.

“तो सुटा पंख ज्याचा, त्याचं अंग शोधलंस कधी?”

“नाही, सर.”

“म्हणजे त्या बिचाऱ्याचंही नाव बुडवलंस.” सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. “जा आता.”

सरांच्या पत्नीने आणलेला चहा कपातच निवला.

आठव्या दिवशी सर गेले.

संग्रहालयाची रीत अशी, की नमुन्याच्या पेटीतली नावाची जुनी चिठ्ठी चुकीची ठरली तरी फाडायची नाही. नवी तिच्याखाली ठेवायची. मॅडमनी कोरी चिठ्ठी पुढे केली. “मी लिहू का, काका?”

“नको. अक्षर माझंच असू दे.”

त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: ‘हे दोन भुंगेरे आहेत. दुसऱ्याचा पंख पहिल्याला जोडणारा—’ आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव. एकतीस वर्षांत त्यांचं नाव कुठल्यातरी पेटीत पहिल्यांदाच जात होतं.

शाई वाळेपर्यंत ते थांबले. मग सरांची पिवळी पडलेली चिठ्ठी तिच्यावर नीट ठेवली आणि खण हळूच आत सारला.