कालची भाजी

तळोज्याची कंपनी बंद पडली तेव्हा आमच्या ह्यांनी टूलरूममधला धारेचा दगड तेवढा घरी आणला. तेव्हापासून चहा झाला की हे गॅलरीत बसतात आणि माझी सुरी घासतात. आधी दगडाची खरखरीत बाजू, मग गुळगुळीत, वर तेलाचे दोन थेंब. मुलाने वाशीहून प्लॅस्टिकचं धारयंत्र आणलं. दोनदा ओढलं की धार. ह्यांनी ते त्याच्याच हातात परत दिलं.

"एवढ्यात झालं तर माणसाने करायचं काय?"

आधी सगळ्या मजल्याच्या सुऱ्या यायच्या. त्या धारेने शेजारच्या मोनालीचं बोट कापलं, तेव्हापासून कोणी देत नाही. उरली माझी एकटी सुरी. ती तरी रोज कुठून बोथट होणार? एकदा ह्यांनी ती अंगठ्यावर पाहिली, तशीच परत दिली आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसले. मला ते बघवलं नाही.

म्हणून आता दुपारी ह्यांचा डोळा लागला की मी सुरी धार जाईपर्यंत ओट्याच्या कडप्प्यावर उभी घासते. हात भरून येतात, तोंडात शिव्या येतात. या वयात हे धंदे!

आज सकाळी ह्यांनी धार नखावर लावून पाहिली. बराच वेळ पाहिली.

"काल भाजी फार कडक होती वाटतं."

"सुरण होतं," मी म्हटलं.

ह्यांनी मान डोलावली आणि दगडावर तेल सोडलं.

काल आम्ही दोघांनी नुसता दहीभात खाल्ला होता.