आलोइसच्या पेटीमागची गर्दी

आलोइस पोकोर्नी एका मंगळवारी सकाळी, कॉफी पाणचट झाली म्हणून बायकोवर ओरडता ओरडता गेला. व्हिएन्नात कुणी असा गेला की लोक म्हणतात, "एकाहत्तर नंबर पकडली त्यानं." त्या नंबरची ट्राम मोठ्या दफनभूमीच्या दारात थांबते. आलोइसचं घर त्याच रस्त्यावर होतं, त्यामुळे त्याला फार लांब जायचं नव्हतं.

चाळीस वर्षं त्यानं कॅथीड्रलच्या बाजूला घोडागाडी उभी केली. डोक्यावर काळी गोल टोपी, मिशांना मेण आणि जिभेला हाड नाही. गाडीत बसणाऱ्या प्रवाशांना तो शहर दाखवायचा ते असं: "डावीकडे राजवाडा. उजवीकडे दुसरा राजवाडा. राजाला हाकलून दिलं आम्ही, आणि आता तिकीट लावून तुम्हाला आत घेतो. प्रगती आहे." प्रवासी खूश व्हायचे. अस्सल व्हिएन्नाचा माणूस भेटला म्हणून त्याच्याबरोबर फोटो काढायचे. त्यातही उत्तरेकडचे जर्मन दिसले की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांच्यासाठी व्हिएन्नात 'पीफके' अशी एक खास शिवी आहे, आणि ती आलोइसच्या तोंडात दिवसभर असायची. घर मात्र त्या पीफक्यांच्याच जिवावर चाललं.

घोडे सोडले तर दुखवायचं असं त्यानं कुणाला बाकी ठेवलं नव्हतं. सोबतचे गाडीवाले, सख्खा भाऊ, गुत्त्यातली पत्त्यांची मंडळी, सगळ्यांशी बोलणं बंद. फक्त बायकोशी, हर्मीनबाईंशी, रोज भांडण व्हायचं, म्हणजे बोलणं चालू होतं. आणि दर जानेवारीत हर्मीनबाईंचा दमा उफाळला की हाच माणूस वाफेचं पातेलं धरून त्यांच्या उशाशी तासन्‌तास बसायचा आणि दम्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. हर्मीनबाईंना आता तो आठवायचा तो त्या पातेल्यासकट, आणि मग घरात एकटीनं बसवत नसे.

पण रडायला वेळ कुठे होता? शवपेटीमागून चालणार कोण, हा प्रश्न होता. व्हिएन्नात माणूस जगला कसा हे कुणी फारसं विचारत नाही, मयत कशी झाली ते मात्र सगळे विचारतात. "काय देखणी मयत झाली!" असं गल्लीनं म्हटलं म्हणजे आयुष्याचं सार्थक झालं. हर्मीनबाईंनी येणारी माणसं बोटांवर मोजून पाहिली. एका हाताची बोटंसुद्धा सगळी लागेनात.

एरवी त्यांनी हात वर केले असते. पण समोरच्या दारात रोझालिया नाव्रातिल राहत होत्या. त्यांचा नवरा इग्नाझ गॅसचे मीटर वाचायचा. साधं 'सुप्रभात' म्हणायचं तरी त्याच्या कपाळाला घाम यायचा. तो गेल्या शरद ऋतूत गेला, आणि त्याच्या मयतीला दफनभूमीतला हॉल भरून दारापर्यंत गर्दी! माणसंही कशी, उंचनिंच, गोरीगोमटी, अंगात चांगले कोट. तेव्हा आलोइस म्हणाला होता, "मीटर वाचणाऱ्याला एवढी माणसं येतात, तर माझ्या मागे अख्खं व्हिएन्ना चालेल, बघशील तू."

त्यांच्या मजल्यावर जिन्याजवळ एक जुना सामाईक नळ होता. त्याला पाणी येत नसे, पण बायका अजून तिथंच उभ्या राहून बोलत. रोझालियाबाई त्या नळाजवळ वर्षभर एकच पालुपद लावत आल्या होत्या, "माणसं जोडावी लागतात हो. माझ्या इग्नाझनं बोलून नाही दाखवलं कधी, पण माणसं जोडली."

हर्मीनबाईंच्या बहिणीचा मुलगा पोल्डी हा परवानाधारक मार्गदर्शक होता. छातीवर बिल्ला, हातात लाल छत्री, मागे बसभर प्रवासी. मावशीचा पडलेला चेहरा पाहून तो म्हणाला, "मावशी, मी आहे ना. शुक्रवारी माझ्याकडे एक ग्रुप आहे. संगीतकारांच्या कबरी दाखवायला त्यांना दफनभूमीत आणतोच. तुमचा हॉल तिथून चार पावलांवर."

"कुठले आहेत?"

"ओल्डेनबुर्गचे."

"म्हणजे पीफके! अरे, तुझे काका पेटीत उठून बसतील."

"बसू देत. पाहुण्यांना अस्सल वाटेल."

"मेल्या, जीभ झडेल तुझी. आणि त्यांना सांगणार काय तू?"

"खरं तेच. अस्सल व्हिएन्नी अंत्ययात्रा, कार्यक्रमात नसलेली, खास तुमच्यासाठी."

हर्मीनबाईंनी साफ नाही सांगितलं. आलोइसला परक्यांच्या खांद्याला खांदा लावून पोचवायचं, तेही त्या लोकांच्या? त्यापेक्षा एकटीनं चालेन, म्हणाल्या. पण त्याच संध्याकाळी नळाजवळ रोझालियाबाईंनी गाठलं. "लहान हॉल घेतलात ना? बरं केलंत. मोठ्यात रिकाम्या खुर्च्या फार डोळ्यांत येतात." हर्मीनबाई घरात आल्या, दार लावलं आणि पोल्डीला फोन केला. "काय रे, काळ्या छत्र्या आहेत का त्या लोकांकडे?"

शुक्रवारी पाऊस होता. ओल्डेनबुर्गकर आले, आणि ठरल्या वेळेच्या आधी आले. सगळ्यांच्या कानात पोल्डीच्या माइकला जोडलेली बोंडं. व्हिएन्नात येऊन त्यांना दोन दिवस झाले होते. तेवढ्यात पांढरे विग घातलेल्या पोरांनी त्यांना संगीताची तिकिटं विकली होती, वेटरनं शिष्टाचार म्हणून अपमान केला होता आणि केकच्या दुकानात इतिहास ऐकावा लागला होता. या शहरात जे काही होतं ते आपल्याला दाखवण्यासाठीच होतं, याबद्दल त्यांच्या मनात आता शंका उरली नव्हती.

हॉल भरला. पाद्री आत येताना खिशातून छोटा कागद काढत होते. गर्दी पाहून त्यांनी तो परत ठेवला आणि मोठं प्रवचन सुरू केलं. आलोइसची मृदू वाणी, आलोइसचा अतिथींवरचा लोभ, असं बरंच निघालं. हर्मीनबाईंनी मान खाली घातली. पोल्डी तोंडावर हात धरून माइकमध्ये काहीतरी पुटपुटला, आणि मागच्या सगळ्या माना एकदम खाली गेल्या. पुन्हा पुटपुटला, सगळ्यांनी एकदम रुमाल काढले. आलोइसनं घोड्यांना आयुष्यभर शिकवलं, पण घोडे असे कधी वागले नाहीत.

पेटीमागून काळ्या छत्र्यांची रांग निघाली, आणि बाजूला फुलं विकणाऱ्या बाईनंसुद्धा विचारलं, "कोण मोठा माणूस गेला हो?" हर्मीनबाईंच्या कानांवर ते पडलं आणि ऊर भरून आला. रोझालियाबाई रांगेत मागे वळून वळून पाहत होत्या. मग पेटी खड्ड्यात उतरली, दोरखंड करकरले, आणि हर्मीनबाईंना एकदम ते वाफेचं पातेलं आठवलं. मग मात्र गर्दी, रोझालिया, गल्ली, काही राहिलं नाही. त्या हुंदके देऊन रडल्या, अगदी वेडंवाकडं, नाक गळेपर्यंत.

ओल्डेनबुर्गकरांनी शिस्तीत माती टाकली. एकानंही रांग मोडली नाही. मग ते एकेक करून हात मिळवायला आले. पोल्डीनं कानात शिकवलेलं सांत्वनाचं वाक्य सगळे सारखंच म्हणत होते. शेवटी एक उंच, सुकलेल्या चेहऱ्याची बाई आली. छातीवरच्या चिठ्ठीवर 'गेझीना हार्म्स' लिहिलं होतं. तिनं कानातलं बोंड काढलं आणि हर्मीनबाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

"किती सुंदर केलंत तुम्ही," ती म्हणाली. "इतकं खरं वाटलं! आम्ही सगळे म्हणत होतो, बाकीचं ठीक आहे, पण विधवा अप्रतिम आहे."

हर्मीनबाईंच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी थांबलं.

"माझा नवरा वसंतात गेला," बाई बोलतच होती. "आमच्याकडे कुणी असं रडत नाही. मलाही नाही जमलं. अजून जमलेलं नाही. तुम्हाला रोज कसं जमतं हो? दिवसाला किती खेळ असतात?"

हर्मीनबाईंनी पोल्डीकडे पाहिलं. तो लाल छत्रीच्या दांड्याचं बारकाईनं निरीक्षण करत होता. या बाईच्या मुस्काटात द्यावी असं त्यांच्या मनात आलं, आणि आलोइस असता तर त्यानं दिलीच असती. पण चार हातांवर रोझालिया उभी होती, कान टवकारून. शिवाय या परक्या बाईचे डोळे कोरडे होते, नुसते लाल.

"रोज नसतो," हर्मीनबाई म्हणाल्या. "आजचा एकच होता."

"मग आमचं नशीबच म्हणायचं," बाई म्हणाली, आणि हात सोडायला विसरून तशीच उभी राहिली.

मयतीनंतरचं जेवण दफनभूमीच्या दारासमोरच्या खाणावळीत होतं. ग्रुपचं जेवणही तिथंच ठरलेलं, त्यामुळे खाणावळही भरली. रोझालियाबाई हर्मीनबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. सूप झालं, उकडलेलं गोमांस आलं, तरी त्या गप्प. हर्मीनबाईंना वाटलं, जिरली. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

"पाहिलीत ना माणसं? माझ्या आलोइसनं तोंडावर बोलून माणसं जोडली."

"उत्तरेकडचे ना?" रोझालियाबाईंनी मांसावर किसलेला मुळा घेतला. "बुटके वाटले मला. माझ्या इग्नाझच्या वेळी डच होते. डच मागून फार छान दिसतात."

हर्मीनबाईंचा काटा हवेतच राहिला. "डच?"

"अहो, तुमच्याच भाच्यानं आणले. कुणाला सांगू नका म्हणाला, म्हणून बोलले नाही."

"पोल्डी!" हर्मीनबाईंची हाक अशी होती की ओल्डेनबुर्गच्या चारपाच जणांनी कानातली बोंडं चाचपली. पोल्डी आला. "मेल्या, घरभेद्या! या बाईला आधी दिलीस माणसं? वर्षभर ही माझं डोकं खाते, आणि तू मुकाट ऐकतोस?"

"मावशी, तुमच्यासाठीच केलं," पोल्डी काकुळतीला आला. "त्यांच्यावर आधी करून पाहिलं. मी बाहेरून बोलत होतो आणि तुम्ही हॉलमधूनच परतलात, म्हणून कळलं नाही, पण तेव्हा डच लोकांनी खड्ड्याशी टाळ्या वाजवल्या शेवटी. आज वाजल्या का एक तरी?"

रोझालियाबाईंना हसू फुटलं. त्यांनी ते रुमालात दाबलं, पण मग खांदे हलायला लागले. हर्मीनबाई चिडूनच बसणार होत्या, पण टाळ्यांनी निरोप घेणारा इग्नाझ डोळ्यांसमोर आला आणि त्यांनाही आवरेना. दोघी विधवा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ओल्डेनबुर्गकर आदरानं पाहत राहिले.

"म्हणजे माझ्या इग्नाझला खरं आलं कोण?" रोझालियाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी. आणि तू."

"मी डोकी मोजायला आले होते."

"मी तरी आज कशाला आले?" त्या म्हणाल्या. "पण आलो ना आपण."

हर्मीनबाईंनी ताटातला गोमांसाचा चांगला तुकडा उचलून त्यांच्या ताटात टाकला. "माझ्या वेळी येशील?"

"येईन की. आणि मी आधी गेले तर?"

"तर मी येईन. रडू येईलच असं नाही सांगत."

"आणि जी मागे राहील तिचं काय?"

दोघींनी पोल्डीकडे पाहिलं. खिडकीबाहेर बस लागली होती आणि तो छत्री उंच करून ग्रुप गोळा करत होता. गेझीना हार्म्स सगळ्यांत शेवटी उठली. तिनं जाता जाता हर्मीनबाईंकडे पाहून मान लववली. डोळे अजून कोरडेच होते.

"पोल्डी," हर्मीनबाईंनी हाक मारली, "तुझ्याकडे जास्त माणसं कधी असतात रे?"

"नाताळचा बाजार लागतो ना, तेव्हा. डिसेंबरात म्हणाल तेवढी देतो, मावशी. इटालियनसुद्धा देईन, ते स्वतःहून रडतात." त्यानं लाल छत्री मिटली. "फक्त जानेवारीत सांगू नका. जानेवारीत माझ्याकडे चिटपाखरू नसतं."

हर्मीनबाईंनी काटा खाली ठेवला. छातीतली दम्याची घरघर आतापासूनच त्यांना ऐकू यायला लागली होती, आणि घरी ते पातेलं आता कुणी धरणार नव्हतं.