या संगणकावर मला लक्षात ठेवा

माझ्या दुकानात लॅपटॉप दुरुस्तीला आला की त्याच्या मालकाला मी कुकीजवर फुकटचं व्याख्यान देतो. ऐकायचं नसलं तरी देतो. सायकल स्टँडवर सायकल लावली की बिल्ला मिळतो ना, तशीच ही गोष्ट. वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक बारीकशी नोंद ठेवते. पुढच्या वेळी ती दिसली की तुम्हाला ओळखते आणि पासवर्ड न विचारता आत घेते. काही बिल्ले मात्र न मागताच तुमच्या खिशात सरकवलेले असतात. ते जाहिरातवाल्यांचे. तुम्ही कुठे कुठे फिरलात ते त्यांना त्यावरून कळतं. तेवढेच शोधून काढावेत, बाकीच्यांना हात लावू नये. आणि दिसेल तिथे ‘सर्व स्वीकारा’ हे बटण डोळे झाकून दाबू नये. एवढं होईपर्यंत गिऱ्हाईक जांभया द्यायला लागलेलं असतं.

ताई आली ती मंगळवारी, भर दुपारी, दाजींचा लॅपटॉप छातीशी धरून. दाजींना जाऊन आठ महिने झाले होते.

“शहाण्या,” ती म्हणाली. लहानपणापासून ती मला याच नावाने हाक मारते, आणि त्यात कौतुक औषधालाही नसतं. “हे पलंग बंद कर बाबा.”

दाजींच्या आजारपणात तिने याच लॅपटॉपवर कळ दाबली की डोक्याकडून उचलला जाणारा पलंग शोधला होता. पलंग आला आणि तीन महिन्यांत रिकामाही झाला. जाहिरातींना ते कोण सांगणार? हवामान बघायला जावं तर पलंग, बातम्या उघडाव्यात तर पलंग.

“काल तर त्यावर एक म्हातारा बसून हसत होता. मला नाही बघवत रे.”

“पंधरा मिनिटांचं काम आहे. बस.”

“त्यांच्या पाखरांचं तेवढं सांभाळ हं.”

“आता तू मला शिकव,” मी म्हणालो.

पाखरांचं म्हणजे एक वेबसाइट. दाजी पुलांची तपासणी करत गावोगाव हिंडायचे आणि ऑफिसच्या फोनवर पक्ष्यांचे आवाज टिपून तिथे ठेवायचे. दोनशेच्या वर होते. लोकांना ऐकवण्याइतके चांगले नाहीत म्हणून सगळे खासगी. प्रत्येकाच्या सुरुवातीला त्यांचा आवाज: “सहा वाजून दहा मिनिटं. नदीकाठ. बोलणारा मी, गाणारा तो.” एकात ते कुजबुजतात, “अगं, हलू नकोस, तुझी चप्पल वाजतेय.” ताई रोज सकाळी चहा पिताना तो ऐकायची. हे सगळं लॅपटॉपवर उतरवून देतो, असं मी तिला कधीचं कबूल केलं होतं. एखाद्या रविवारी, म्हणालो होतो. आठ महिन्यांत तो रविवार काही उगवला नाही.

मी कामाला बसलो. सेटिंगमध्ये जाऊन यादी उघडायची, जाहिरातवाल्यांच्या तेवढ्या कुकीज निवडून काढायच्या आणि पुढे त्यांना मज्जाव करायचा, एवढंच होतं. तेवढ्यात एक बाई प्रिंटर घेऊन आल्या आणि त्याचं रडगाणं सुरू झालं. मी त्यांच्याकडे बघत मान डोलावत होतो. माझी बोटं मात्र दिवसातून वीस वेळा करतात तेच करून मोकळी झाली. तीन कळा, ‘सुरुवातीपासूनचं सगळं’, पुसा.

मग पडद्याकडे बघितलं. कुकीजची यादी अख्खी रिकामी होती.

पाखरांची साइट उघडली. ‘तुमचं स्वागत आहे! नवीन आहात का?’ खाली पासवर्डची रिकामी चौकट आणि तिच्याखाली ‘या संगणकावर मला लक्षात ठेवा’. दाजींनी कधीतरी तिथे खूण केली होती, त्यावरच सगळं चाललं होतं. पासवर्ड त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता. पासवर्ड ब्राउझरमध्ये जपून ठेवायचा नाही, ही शिकवण त्यांना दिली होती मीच.

“झालं?” ताईने विचारलं.

“नाही, जरा किचकट आहे. शुक्रवारी ये.”

तिने विश्वास ठेवला, याचाच मला जास्त राग आला. माझा स्वतःचा.

तीन दिवस दुसरं काही केलं नाही. पासवर्ड बदलायचा तर पत्र जाणार दाजींच्या ऑफिसच्या मेलवर. ऑफिस म्हणालं, तो मेल सहा महिन्यांनी काढून टाकला, आणि फोन परत घेतला तेव्हाच पुसला. साइटवाल्यांना लिहिलं, मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर नम्र होतं: नोंदवलेल्या मेलवरून विनंती आली तरच विचार करता येईल. बिल्ला हरवला की सायकल तुमचीच असून मिळत नाही, हे मी लोकांना हसत हसत सांगतो.

शुक्रवारी ताई आली. मी काहीही न लपवता सांगितलं. तिने आरडाओरडा करावा, हात उगारावा, असं मला फार वाटत होतं. ती स्टुलावर बसून राहिली.

“चपलेचा पण?”

“सगळेच.”

तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. पडद्यावर तीच रिकामी चौकट होती.

“आणि ते पलंग?”

“गेले. आता येणार नाहीत.”

“त्यांना वाटत होतं रे, आमच्या घरी अजून कोणीतरी आजारी आहे,” ती म्हणाली. “अजून आहे.” मग पदराने पडदा पुसला. “ते पलंग परत आणता येतील?”

मला रडू आवरेना. तरी मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि शोधाच्या चौकटीत ‘रुग्णासाठी पलंग’ असं टाईप केलं. पहिल्याच दुकानाने कुकीजचा नेहमीचा प्रश्न विचारला. मी ‘सर्व स्वीकारा’ दाबलं. दुसऱ्यावर दाबलं, तिसऱ्यावर दाबलं. मग हवामानाचं पान उघडलं. तिथेही आधी तेच विचारलं आणि तेही दाबलं.

पहिल्यांदा बुटांची जाहिरात आली. मी पान पुन्हा उघडलं. मग कोपऱ्यात तो म्हातारा आला, पलंगावर टेकून हसत.

ताईने स्टूल पुढे ओढलं.