दादाने वाढवलेला आकडा

छापखान्यातल्या यंत्रांनी सकाळपासून मान टाकली होती आणि दादा आपल्या ऑफिसातून तिथल्या मालकांना फोनवर शब्द मधात बुडवून सांगत होता, "धाकटीच्या हातून झालं, साहेब. सांभाळून घ्या." धाकटी दारातच उभी होती. खांद्यावरची पिशवी तिने उतरवलीसुद्धा नाही.

भावाबहिणीच्या धंद्यात वाटणी सरळ होती. दादाने गिऱ्हाइकं सांभाळायची, तिने सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधायची. शाईचं प्रमाण ठरवणाऱ्या पॅकेजच्या आवृत्तीचा आकडा जुन्या सिस्टीमसाठी २.८, नव्या सिस्टीमसाठी ३.१. जुन्याचा आकडा नव्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे तिने दादाला जेवताना, भांडताना, जिन्यात, सगळीकडे ऐकवलं होतं. अपग्रेडला अक्कल नसते. ज्याचा आकडा मोठा, ते नवं, एवढंच त्याला कळतं.

ती आठवडाभर रजेवर गेली आणि दादाने जुन्या पॅकेजात किरकोळ दुरुस्ती केली. २.९ म्हटलं तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत काय भरणार? त्याने ठोकून दिलं ४. उंदराच्या गळ्यात हत्तीची घंटा. काल छापखान्याने नवी सिस्टीम घातली. त्या सिस्टीमने ४ पाहिलं, ३.१ला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, आणि जुनं पॅकेज नव्या घरात चालेचना.

फोन ठेवून दादा म्हणाला, घरातल्या घरात कसलं तुझं-माझं, चुटकीसरशी नीट करशील तू.

उपाय होता. नव्या पॅकेजच्या आकड्याच्या आधी एक वेगळा वरचढ अंक बसवायचा; ज्याला तो असतो तेच नवं ठरतं, मग मागचं काही बघितलं जात नाही. पण तो अंक एकदा बसला की निघत नाही. पुढच्या प्रत्येक आवृत्तीच्या कपाळावर तो राहणार, आणि पॅकेज बांधणारी म्हणून बोल तिलाच लागणार.

"बसवते," ती म्हणाली. "आधी मालकांना फोन लाव."

"आता काय सांगू?"

"चार कोणी केलं, ते."

दादा हसला. मग मोठ्या भावाची लाज काढतेस का, बाबा असते तर काय म्हणाले असते, हेही म्हणून झालं.

"बाबा असते तर फोन त्यांनीच लावला असता," असं म्हणून ती जायला वळली.

तिकडे यंत्रं उभी, इकडे दादा उभा. शेवटी त्याने फोन लावला. "साहेब, मघाशी खोटं बोललो. आकडा मी वाढवला होता." पलीकडून काय आलं, ते त्याच्या लाल झालेल्या कानांवरून कळत होतं.

धाकटीने खुर्ची ओढली. ३.१च्या आधी वरचढ अंक म्हणून १ बसवला. राग तसूभरही उतरला नव्हता.

"उद्या तुझं पोर धंद्यात आलं," ती वर न बघता म्हणाली, "आणि त्याने आकड्याआधीचा हा १ कुठून आला असं विचारलं, तर उत्तर तू द्यायचंस."