राहू दे, मी करतो

माझी डावी पोटरी सध्या ह्यांच्या पायाला आहे. सगळ्यात आधी तीच गेली. लहानपणी चुलीतली ठिणगी उडून तिच्यावर तिळाएवढा डाग पडला होता, म्हणून ओळखता आली. हे पायजमा वर खोचून बाल्कनी धूत होते आणि त्यांच्या काडीसारख्या पायावर माझी पोटरी अगदी व्यवस्थित बसली होती.

"ती माझी आहे," मी म्हटलं.

त्यांनी वाकून पाहिलं. "असेल," म्हणाले. "हल्ली जिना चढताना दम लागत नाही खरा."

ह्यांना दोष देता येत नाही. मला अंगदुखीचा जुनाट आजार आहे. रिपोर्टात काही सापडत नाही, आणि दुखणं आज खांद्यात तर उद्या कमरेत मुक्कामाला असतं. हे एसटीत कंट्रोलर होते. तिथून निवृत्त झाले आणि माझ्या दुखण्यावर रुजू झाले. मी दूध आणायला चप्पल घातली की म्हणायचे, राहू दे, मी जातो. तशी पोटरी त्यांच्याबरोबर जिना उतरायला लागली आणि एक दिवस माझ्याकडे परत आलीच नाही. पुढे त्यांनी हातातून कुकर घेतला, तर कुकरबरोबर दंड गेला. गादीची चादर घालायला घेतली, तेव्हा पाठ. ह्यांचे सदरे खांद्यात दाटायला लागले आणि माझ्या ब्लाउजच्या बाह्यांत वारा खेळू लागला.

स्नायू गेला की त्याचं दुखणंही सोबत जाईल, असं मला वाटलं होतं. तसं होत नाही. पोटरी ह्यांच्याकडे, पेटके माझ्याकडे.

आमच्या कॉलनीतल्या दवाखान्यात तरन्नुम शेख नावाची फिजिओथेरपीची डॉक्टर बसते. मुलगी असती तर तिच्या वयाची असती. मी तिला पाय दाखवला. तिने ह्यांनाही पायजमा वर करायला सांगितला आणि मान डोलावली. प्रेमाच्या घरांत हे फार होतं, म्हणाली. भांडखोर घरातल्या बायका जास्त टिकतात. ज्याच्या हातात काम, त्याच्याकडे स्नायू. काम परत घेतलं तर तोही एकेक धागा करून परत येतो. पण एक तरी स्नायू स्वतःच्या अंगात राहिला पाहिजे, कारण बाकीचे त्याच्या हाकेने येतात. शेवटचाही गेला, तर हाक मारायला कुणी उरत नाही.

मग तिने शिकवलं. ओट्याला धरून सावकाश टाचा उचलायच्या. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, आणि बसताना धपकन बसायचं नाही. भिंतीला तळवे लावून तिला ढकलायचं. ओला नॅपकिन पिळायचा.

"दुखलं तर निम्मं करा, काकू. बंद नाही करायचं. आणि बरं वाटलं म्हणून दुप्पट तर मुळीच नाही."

ह्यांना तिने वेगळं बजावलं, की काकांनी फक्त बघायचं. हे हो म्हणाले.

मी टाचा उचलायला लागले. काही दिवसांनी दुपारी डाळ निवडत बसले होते, तेव्हा नडगीच्या मागे काहीतरी ऊबदार येऊन टेकलं. मांजर येऊन टेकावं तसं. मी हलले नाही. कुणाला सांगितलंही नाही.

पण हे दारातून बघत. माझं तोंड वेडंवाकडं झालं की ह्यांचे डोळे भरून यायचे. एका सकाळी ओट्यापाशी गेले तर हे आधीच तिथे उभे होते, ओटा धरून टाचा वर-खाली करत, घामाने भिजलेले.

"तू बस," म्हणाले. "तुझा व्यायाम मी करून टाकतो."

माझ्या नडगीमागची ऊब उठली आणि फरशीवरून त्यांच्याकडे चालत गेली.

त्यानंतर एक चांगला दिवस आला. आम्हा दुखणाऱ्या बायकांना वाईट दिवस काही करत नाही, त्याच्याशी आमची ओळख असते. घात करतो तो चांगला दिवस. उठले तेच पाठीवरून कुणी हात फिरवल्यासारखं वाटत होतं. तरन्नुमचं बोलणं आठवत होतं; मी ते फडताळात ठेवलं आणि दार लावून घेतलं. हे बाहेर गेलेले. मी पडदे धुतले, डबे घासले, पुरण शिजवून वाटलं. हे परत आले तेव्हा लाटणं पोळपाटावर होतं आणि मी जमिनीवर. त्यांनी मला उचलून पलंगावर ठेवलं, आणि तेवढ्या वेळात कमरेखालचं होतं नव्हतं ते सगळं त्यांच्याकडे गेलं.

"किती हलकी झालीस गं," ते म्हणाले, आणि लाजले.

मग माझी नणंद आली मदतीला, प्रमिलावन्सं. त्यांनी माझी वेणी घातली, त्यात खांदे गेले. मान धरून पाणी पाजलं, त्यात मान गेली. जाताना त्यांना आमच्या दारातून तिरकं व्हावं लागलं. "नशीब काढलंस हो नलू," उंबऱ्यातून म्हणाल्या, "असा नवरा." मी हो म्हणायच्या आत ह्यांनीच माझ्या वतीने हो म्हटलं, आणि माझी जीभ जराशी जड झाली.

हे आता पलंग आणि भिंत यांच्यामधल्या जागेत मावत नाहीत. कपाट बाहेर काढावं लागलं, मग टेबल, मग पंखा. मी चादरीवर चादर अंथरावी तशी पडलेली असते. उजव्या हाताची बोटं तेवढी माझी आहेत. पांघरुणाखाली मी मोज्याची गुंडाळी दाबते आणि सोडते. हे विचारतात, काय करतेस. काही नाही, म्हणते.

काल तरन्नुम घरी आली. तिने पांघरूण बाजूला केलं, माझी बोटं पाहिली, आणि तिचा आवाज उतरला. आज काकूंनी स्वतःच्या हाताने चहा प्यायचा, ती म्हणाली. इतर काही नको, एवढंच. काकांनी हात लावला तर तिला पुन्हा यायचं कारण उरणार नाही.

ह्यांनी आपले हात पाहिले. बराच वेळ पाहिले.

"माझा ह्या हातांवर भरवसा नाही," म्हणाले. "बांध, पोरी."

तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि हात पाठीमागे घेऊन आपल्या ओढणीने खुर्चीला बांधले. निम्मा कप चहा बशीत ठेवून माझ्या बोटांशी आणला. कपाचा कान धरायला बोटं तयार होती. मी कप उचलला. बशीवरून तो सुटला आणि त्याच क्षणी ह्यांच्या दंडातून काहीतरी निघालं, पलंगाच्या कडेवर चढलं, माझ्या कोपराशी येऊन उभं राहिलं. मी त्याला ओळखलं. कप छातीपर्यंत आला.

तिथे तो थरथरायला लागला. चहा हिंदकळून गळ्यावर सांडला आणि माझ्या तोंडून स्स्स निघालं.

ओढणी तुटली नाही. हे खुर्चीसकट गुडघ्यांवर आले, पलंगावर वाकले आणि डोकं पुढे सरकवत कपाच्या बुडाखाली आणलं. कप हलायचा थांबला.

"मी हात लावलेला नाही," ते खालून म्हणाले.

"काका," तरन्नुम म्हणाली.

"कप सोडा," मी ह्यांना म्हटलं, आणि बोटांत होतं नव्हतं ते एकवटून कप वर उचलला. त्यांचं डोकंही त्याच्याबरोबर वर आलं.